उत्तर नको असलेला प्रश्न

‘पैसे काय झाडाला लागतात?’ असे वडिलांनी विचारल्यावर मुलाने ‘नाही’ म्हटले, तर उत्तर बरोबर असूनही तो उद्धट ठरतो. ‘हे घर आहे की धर्मशाळा?’ याचेही तसेच. शब्द तेच राहून केवळ स्वराने अर्थ उलटतो, याला आपल्या अलंकारशास्त्राने ‘काकु’ असे नाव दिले आहे. मला मात्र स्वरापेक्षा अशा प्रश्नाची दिशा महत्त्वाची वाटते. तो वरून खाली जातो : सासूकडून सुनेकडे, मालकाकडून गड्याकडे, मास्तरांकडून विद्यार्थ्याकडे. खालून वर गेलाच, तर ‘मलाच विचारतोस?’ हा त्याच जातीचा प्रश्न परत येतो.

ही दिशा उलटल्याचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण १८९७ सालचे आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी त्या वर्षी पुण्यातल्या घरांत गोरे शिपाई शिरले होते. २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली; ३ जुलैला ते वारले. सरकारने साऱ्या शहरावरच रोष धरला. तेव्हा ६ जुलैच्या ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

हे शब्द कायद्याच्या पुस्तकातले नाहीत, माजघरातले आहेत. सार्वजनिक सभेने १८७० पासून सरकारशी अर्जांच्या भाषेत बोलणे चालवले होते. इथे रयतच घरातल्या कर्त्याच्या सुरात सरकारला दटावत होती. त्यावर उत्तराची अपेक्षा नव्हती. वाचकाने ते मनात दिले की काम झाले.

२७ जुलैला टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा. ती या मथळ्याबद्दल होती असे वाटणे साहजिक आहे. पण खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, तर नुसता सूरही पुरावा होऊ शकतो.

आज मोर्चातल्या फलकांवर आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा प्रश्न सर्रास दिसतो. सरकारला तो विचारायला आपण शिकलो. ज्या माजघरातून तो बाहेर पडला, तिथे मात्र सुनेने सासऱ्यांना तो विचारणे अजून सोपे नाही.