प्रवाळखडकावरची पंगत

मासे खाणाऱ्या माणसाला माशांविषयी पुष्कळ काही ठाऊक असते. सुरमईची तुकडी कशी असावी, ताज्या बांगड्याचा कल्ला कसा दिसतो, हे आपल्याकडचे सराईत गिऱ्हाईक न विचारता सांगेल. पण त्यालाच विचारा, “अहो, हा मासा स्वतः काय खातो?” म्हणजे तो जरा थबकेल. गळाला आमिष लावणारा कोळी सोडला, तर या प्रश्नाशी कुणाचे फारसे अडत नाही. शास्त्रज्ञांचेही बरीच वर्षे असेच होते. माशांना नावे द्यावीत, त्यांचे पर मोजावेत, रंग टिपून ठेवावेत, आणि पोटात काय सापडले ते जाता जाता लिहावे, इतकेच. पण उष्ण कटिबंधातील प्रवाळखडक जगणार की मरणार हे पुष्कळ अंशी या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, हे हळूहळू ध्यानात आले. ते कसे आले, याची ही हकीकत.

आधी प्रवाळाची थोडी ओळख करून घेऊ. प्रवाळ, म्हणजे आपले पोवळ्याचे भाईबंद, हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो एक चिमुकला प्राणी आहे. अंगाभोवती तो चुन्याचे घर बांधतो, आणि अशा लक्षावधी घरांचा मिळून खडक होतो. त्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाले मुक्काम करून असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून प्रवाळाला उजेड हवा, आणि त्याच्या पिलांना मूळ धरायला स्वच्छ, कठीण जागा हवी. आता उष्ण प्रदेशातला रणरणता उजेड हा काही एकट्या प्रवाळासाठी नसतो. त्याच उजेडावर साधे समुद्री शेवाळही झपाट्याने वाढते. जागा मोकळी सापडली की ते पसरते आणि प्रवाळाला झाकून टाकते. मग असे असताना प्रवाळखडक हिरवा का होत नाही? शेवाळ जाते तरी कुठे?

या प्रश्नाकडे नेणारी वाट एका वेगळ्याच नोंदीपासून सुरू होते. १८३६ च्या एप्रिल महिन्यात ‘बीगल’ जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर येऊन थांबले. जहाजावर चार्ल्स डार्विन होता. तेथे त्याला निळसर-हिरव्या झगझगीत रंगाचे दोन जातींचे पोपटमासे पुष्कळ दिसले. एक जात आतल्या शांत पाण्यात राही, तर दुसरी बाहेर, लाटा फुटतात तेथे. या माशांचे कळपच्या कळप आपल्या बळकट जबड्यांनी प्रवाळाच्या फांद्यांचे शेंडे चरताना आपण पाहिले आहेत, असे बेटावरच्या एका रहिवाशाने त्याला सांगितले. डार्विनने काही मासे फाडून पाहिले. आतडी पिवळसर, चुनखडीच्या रेताड चिखलाने तट्ट भरलेली होती! हे मासे केवळ प्रवाळ खाऊन जगतात असे त्याने लिहून ठेवले, आणि खडकाभोवतालचा बारीक चुनखडी गाळ काही अंशी अशाच प्राण्यांच्या पोटातून येतो, हेही त्याच्या लक्षात आले.

गाळाविषयीचा त्याचा तर्क पक्का ठरला. पोपटमाशाचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली असते. घशात दातांचे आणखी एक जाते असते, आणि खरडलेला दगड त्यात दळला जातो. गंमत अशी की या प्राण्याला जठर म्हणून नसतेच. दळण सरळ आतड्यात उतरते आणि वाळू होऊन बाहेर पडते. मालदीवमधील एका बेटाभोवती संशोधकांनी हिशेब मांडला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. बेट घडवणाऱ्या वाळूपैकी शेकडा ८५ हून अधिक वाळू तेथे पोपटमाशांनी तयार केलेली निघाली. ज्या वाळूवर माणसे घरे बांधतात, ती माशांच्या दळणाची वाळू आहे, बरं का!

परंतु “केवळ प्रवाळ खातात” हा निष्कर्ष मात्र टिकला नाही. पोटात जे सापडते ते सगळेच काही पोटासाठी घेतलेले नसते. भाकरीबरोबर जात्याची कचही पोटात जाते, म्हणून आपण दगड खातो असे कोणी म्हणत नाही. काही थोड्या जाती जिवंत प्रवाळ खातात हे खरे. पण बहुतेक पोपटमासे मेलेल्या प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतात. शेवाळासाठी खरवडतात, असे पुढे बरीच वर्षे मानले गेले. २०१७ साली तज्ज्ञांच्या एका गटाने दाखवून दिले की, त्यांचा खरा रोख दगडावर आणि दगडाच्या आत वाढणाऱ्या सूक्ष्म, प्रथिनयुक्त जिवांवर असतो. शेवाळाचे कोवळे कोंब त्याबरोबर निघून जातात. खाणाऱ्याचा हेतू काहीही असो, जागा स्वच्छ होते, आणि प्रवाळाच्या पिलाला नेमके तेच हवे असते.

पोटे तपासण्याची ही रीत पूर्णत्वाला नेली ती जॉन रँडल या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने. कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको आणि व्हर्जिन बेटांच्या पाण्यातील २१२ जातींचे ५,५२६ मासे त्याने तपासले आणि १९६७ साली त्यांच्या आहाराचा जणू खतावणीवजा ग्रंथच प्रसिद्ध केला. ही खतावणी चाळली म्हणजे खडकावरच्या पंगतीत कोण कुठे बसते ते कळते. शेवाळ कुरतडणारा सर्जन मासा. त्याच्या शेपटीच्या बुंध्याशी वस्तऱ्यासारखे पाते असते. प्रवाळाची इवली तोंडे आणि फटीतले किडे टिपणारा, चिमट्यासारख्या तोंडाचा फुलपाखरू मासा. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव वरच्या वर झेलणारे लहान माशांचे थवे. खेकडे-कोळंबी शोधणारे तांबोशीचे भाईबंद. आणि आडोशाला दबा धरून सगळ्यांवर नजर ठेवणारा गोबरा. एवढीशी जागा, आणि इतकी तोंडे सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाचे पान वेगळे.

पण रँडलला केवळ पोटांवर समाधान नव्हते. खडकाभोवती समुद्रगवताची कुरणे असतात. परंतु खडक आणि कुरण यांच्यामध्ये उघड्या वाळूचा एक पट्टा राहतो, सुमारे ३० फूट रुंदीचा. हा पट्टा का पडतो? त्याने समुद्रगवताच्या मधोमध सिमेंटचे ठोकळे रचून एक कृत्रिम खडक उभारला. मासे तेथे वस्तीला आले, आणि थोड्याच काळात त्या खडकाभोवतीही तसाच उघडा पट्टा तयार झाला! उलगडा सोपा होता. चरणारे मासे आश्रयापासून फार दूर जायला धजत नाहीत. मोठा मासा केव्हा झडप घालील याचा नेम नसतो. म्हणून जवळचे गवत फस्त होते आणि लांबचे शिल्लक राहते. गावाजवळचे कुरण उघडे आणि रानातले दाट, तशातलाच हा प्रकार. १९६५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. मासा काय खातो एवढेच नव्हे, तर त्याच्या खाण्याने आसपासचा प्रदेश कसा घडतो, हे त्यातून दिसले.

हे सर्व शक्य झाले ते माणूस पाण्याखाली राहू लागला म्हणून. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारण्याचे साधन सिद्ध केले. पूर्वी एका दमात जेवढे दिसेल तेवढेच पाहायचे; आता घटका दोन घटका माशांच्या शेजारी राहता येऊ लागले. एडमंड हॉबसनने हवाई बेटांच्या किनाऱ्याला दिवसाही बुड्या मारल्या आणि रात्रीही, आणि १९७४ साली आपली निरीक्षणे मांडली. खडकावर दोन पाळ्या चालतात असे त्याला आढळले. सूर्य मावळला की दिवसाचे मासे फटीत शिरतात. काही वेळ सारे सामसूम असते. ही वेळ शिकाऱ्यांची. मग मोठ्या डोळ्यांचे, तांबूस रंगाचे रातमासे बाहेर पडतात. कॅरिबियनमधील ‘ग्रंट’ मासे तर रात्री गवतात चरून येतात आणि दिवसभर प्रवाळाच्या फांद्यांवर घोळका करून विसावतात. त्यांच्या मलमूत्राचे खत मिळून ते प्रवाळ अधिक वेगाने वाढते, असे १९८३ साली सिद्ध झाले. पाहुणा यजमानाच्या घरी जेवत नाही, उलट शिधा घेऊन येतो, म्हणायचे!

आता या हकीकतीतला दुःखाचा भाग. जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रवाळखडक एके काळी जगातील अत्यंत अभ्यासलेल्या खडकांपैकी होते. तेथील गरीब मच्छीमार पिढ्यानपिढ्या तारेचे नि वेताचे सापळे लावीत आले होते. माणसे वाढली, सापळे वाढले, आणि मोठे मासे नाहीसे होत गेले. मग पोपटमासे, सर्जन मासे, जे सापडेल ते सापळ्यात येऊ लागले. तरीही खडक हिरवा झाला नाही. कारण चरण्याचे काम दुसऱ्याच प्राण्याने उचलले होते. हा म्हणजे लांब काळ्या काट्यांचा, साळिंदराच्या पिलासारखा दिसणारा सी-अर्चिन. मासे गेले तरी काम चालू आहे, म्हणून कोणाला धोका जाणवला नाही.

१९८० च्या ऑगस्टमध्ये ‘ॲलन’ नावाचे चक्रीवादळ जमैकावर आले आणि त्याने प्रवाळाची मोडतोड केली. तरीही खडक सावरू लागला होता. पण १९८३ च्या आरंभी पनामाच्या बाजूला सी-अर्चिनांमध्ये एक रोग सुरू झाला, आणि वर्षभरात तो साऱ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. बहुतेक ठिकाणी शंभरांतले नव्वदांहून अधिक अर्चिन मेले. आता चरायला ना मासे, ना अर्चिन! शेवाळाने खडक झाकला. टेरी ह्यूज या शास्त्रज्ञाने १९९४ साली हिशेब दिला तो असा: १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या या खडकांवर शेकडा ५० हून अधिक भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता, तो शेकडा ५ हूनही खाली आला. शेवाळ शेकडा ४ वरून शेकडा ९० च्या वर गेले. ज्यांनी मासे पकडले ते काही दुष्ट नव्हते. त्यांना घरची चूल पेटवायची होती. परंतु खडक गेला म्हणजे मासाही गेला, आणि त्याची झळ प्रथम त्याच घरांना लागली.

यातून सावरण्याचा मार्ग आहे का, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. ग्रेट बॅरियर रीफवरील ऑर्फियस बेटाजवळ खडकाच्या काही भागांवर मोठे पिंजरे बसवले, म्हणजे मोठ्या माशांना आत शिरता येऊ नये. सुमारे तीन वर्षे पिंजरे तसेच राहिले आणि आत शेवाळाचे रान माजले. मग पिंजरे काढले, कॅमेरे लावले. त्या भागात शेवाळ खाणाऱ्या म्हणून ठाऊक असलेल्या ४३ जाती होत्या. त्यांपैकी थोड्याच जातींनी त्या रानाला तोंड लावले, आणि त्यांच्याने ते आवरेना. मग ते साफ केले कोणी? एका बॅटफिशने! शेवाळ खाणाऱ्यांच्या यादीत ज्याचे नावच नव्हते, जो किडे-जंतू खातो असे सगळे समजत होते, त्याने. डेव्हिड बेलवुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हे जाहीर केले. म्हणजे पाहा, कोवळे शेवाळ खुडणारे अनेक असतात, पण एकदा माजलेले रान मोडणारा एखादाच. आणि तो कोण, हे वेळ येईपर्यंत माहीतही नसते. मग यादीत नसलेला मासा बिनकामाचा म्हणून सोडून द्यायचा कोणत्या हिशेबाने?

हा बोध काही देशांनी मनावर घेतला. मध्य अमेरिकेतील बेलीझने २००९ साली पोपटमासे आणि सर्जन मासे पकडण्यास बंदी केली. बोनेर बेटाने २०१० साली पोपटमाशांना तसेच संरक्षण दिले.

आपल्याकडे लक्षद्वीपची गोष्ट याच जातीची आहे. १९९८ साली समुद्राचे पाणी फार तापले आणि तेथील प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. २०१० आणि २०१६ सालीही तसेच घडले. तापलेल्या पाण्यापुढे माशांचे काही चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु मेलेल्या खडकावर पुन्हा प्रवाळ रुजणार की शेवाळ, हे चरणाऱ्यांच्या हाती असते. लक्षद्वीपचे लोक मुख्यतः खोल पाण्यातला ट्यूना काठी-गळाने धरतात. मिनिकॉयची ही जुनी रीत. त्यामुळे खडकावरचे चरणारे मासे बरेचसे शाबूत राहिले, आणि पहिल्या आघातानंतर पुष्कळ ठिकाणी खडक सावरू शकला, असे तेथे काम करणारे अभ्यासक सांगतात. अलीकडे मात्र खडकावरच्या माशांनाही गिऱ्हाईक वाढले आहे. जमैकाची कथा ठाऊक असलेल्याने तेथे सावध व्हावे.

आणि फार लांब कशाला? मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाभोवतालच्या पाण्यातही प्रवाळ आहे. तेथील समुद्राचा काही भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तुम्ही तिकडे गेलात आणि काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोके घातलेत, तर रंगीत माशांचे कौतुक जरूर करा. पण एखाद्या माशामागे दोन मिनिटे नजर ठेवा. तो कुठे तोंड लावतो, काय टिपतो, काय थुंकून टाकतो, कोणापासून पळतो, ते पाहा. डार्विनला मासा फाडून जे अर्धेच कळले, त्यापेक्षा थोडे अधिक तुम्हाला नुसत्या पाहण्याने कळेल. बाजारात टोपलीपुढे उभे राहिल्यावर आपण “ताजा आहे का?” आणि “केवढ्याला दिला?” हे दोन प्रश्न नेहमीच विचारतो. त्यांच्या जोडीला “हा काय खातो?” असा तिसराही विचारायला लागू या. कोळणीला त्याचे उत्तर बहुधा आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.