आखर, माळ आणि युरिया

यवतमाळहून धामणगावला जाणारा रस्ता बाभुळगावातून जातो. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवले आणि पाठोपाठ नागपूरकडे जाणारी रेल्वे आली. धामणगाव हे यवतमाळच्या कापसाचे स्टेशन झाले. कापसाने भरलेल्या बंड्या या वाटेने जात.

बंड्या ओढणाऱ्या बैलांना चारा लागे. काळी जमीन कापूस-ज्वारीत गुंतलेली, कडबा उन्हाळ्यासाठी राखलेला. म्हणून पावसाळाभर ढोरं मुरमाड टेकाडांवर चरत. इंग्रजांनी वऱ्हाडच्या जंगलाचे अ, ब, क असे वर्ग पाडले, त्यात गवताचे रमणे आणि चराईची राने वेगळी काढली. गावच्या राखीव गायरानाला लोक आजही ‘ई-क्लास’ म्हणतात.

खताच्या इतिहासाची खरी गोष्ट या ढोरांच्या रोजच्या ये-जा करण्यात आहे. दिवसभर माळावर चरायचे, संध्याकाळी गोठ्यात परतायचे. शेण उकिरड्यावर आणि तिथून बंडीने शेतात. पिढ्यान् पिढ्या माळाने शेताला पोसले, माळाला मात्र फारसे काही परत मिळाले नाही. आणि त्या उपाशी जमिनीनेच गवतांची विविधता टिकवली.

हे आखरावर उभे राहिले की दिसते. सकाळी गायकी गावची ढोरं जिथे गोळा करतो, तिथली माती शेणामुताने काळीभोर झालेली असते. पावसाळ्यात तिथे कमरेएवढा तरोटा आणि काटेमाठ माजतो, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. कोवळ्या तरोट्याची भाजी घरोघरी होते, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गाव मागे टाकून मुरमावर चढले की गवत गुडघ्यालाही लागत नाही. पण बसून पाहावे तर कुसळी, पवन्या, मारवेल, मध्येच तिखाडीचा वास आणि गवताच्या बुडाशी शेवऱ्यासारख्या शेंगवर्गीय वनस्पती. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी केली, तेव्हा दख्खनच्या या पट्ट्याला पवन्या आणि मारवेल यांच्याच प्रजातींचे नाव दिले.

असे का होते, याचे उत्तर इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या एका कुरणावर मिळाले. वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, लॉझ आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी त्या कुरणाचे तुकडे पाडून त्यांना वेगवेगळी खते द्यायला सुरुवात केली. प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्याला कधीच खत दिले नाही, तिथे चाळिसेक जाती आहेत. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे खाल्लेल्या, चुना न दिलेल्या तुकड्यात दोन-तीनच उरल्या. माती आंबट झाली हे एक कारण. दुसरे कारण उजेडाचे: नत्र मिळाले की उंच, हावरी गवते झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या सावलीत बुटक्या जाती मरतात. हवेतले नत्र स्वतः मिळवणाऱ्या शेंगवर्गीयांचा तर फायदाच संपतो. चाऱ्याचे वजन वाढते, जाती घटतात.

किती नत्र पुरते? अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सीडर क्रीक येथे १९८२ पासून चाललेल्या प्रयोगात हेक्टरी वर्षाला अवघ्या १० किलो जादा नत्राने जातींची संख्या १७ टक्क्यांनी घटली. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत वीस किलोंहून जास्त नत्र असते. म्हणजे अर्धी गोणी.

बाभुळगावात खताचा प्रवाह उलटला तो संकरित कापसाने. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हे वाण आले, २००२ मध्ये बीटी कापूस. दोन्हींना रासायनिक खत लागते. बैल कमी झाले, शेणखत कमी झाले. आता शेतातले नत्र पावसाबरोबर धुऱ्यावर, नाल्याकाठी उतरते. एकेकाळी जिथे बैलांसाठी गवत कापत, त्या धुऱ्यांवर आज गाजरगवत उभे दिसते. दोष एकट्या खताचा नाही. ई-क्लासवरचे अतिक्रमण, अतिचराई आणि तणनाशकही त्यात आहेत.

म्हणून ग्रामपंचायतींनी एवढे करावे: गायरान ‘सुधारायला’ युरिया फेकू नये. गवत बी धरेपर्यंत चराई थांबवावी, बी पडल्यावरच कापणी करावी, मारवेल-पवन्याचे स्थानिक बी उघड्या जागी टाकावे. युरियाची गोणी शेतातच राहू द्यावी, तीही मोजून.