यूच्या धनुष्याचं कूळ

१९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं शव सापडलं. माणूस पाच हजार वर्षांपूर्वीचा. एका पत्रकाराने त्याला ओत्झी हे नाव दिलं. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, कातडी भाता होता, भात्यात १४ बाण होते आणि त्यांतले दोनच पुरे झालेले होते. शेजारी १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं, तेही अर्धवट. दोरी अडकवायच्या खाचा अजून पाडायच्या होत्या आणि तासल्याचे घाव लाकडावर जसेच्या तसे होते. लाकूड होतं यू नावाच्या झाडाचं.

यूचं लांब धनुष्य, म्हणजे लाँगबो, जगभर ‘इंग्लिश’ म्हणून ओळखलं जातं. क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) आणि अजिंकूर (१४१५) इथे इंग्लंडच्या तिरंदाजांनी फ्रान्सच्या चिलखती सरदारांची जी दाणादाण उडवली, तिच्यामुळे ही ओळख पक्की झाली. कूळ शोधायला बसलं की मात्र इंग्लंड हळूहळू मागे सरकतं. सॉमरसेटमध्ये मीअर हीथच्या दलदलीतून १९६१ साली निघालेलं यूचं धनुष्य साडेचार हजार वर्षांहून जुनं आहे. तेव्हा इंग्लंड हे नावही अस्तित्वात नव्हतं. डेन्मार्कमधल्या न्यूदामच्या दलदलीत तिसऱ्या-चौथ्या शतकातली धनुष्यं मिळाली. माणसाएवढी उंच, अरुंद आणि गोलसर पोटाची ती धनुष्यं पाहिली की लाँगबोचा घाट तिथेच ठरून गेला होता हे कळतं. पुढे बाराव्या शतकात वेल्सच्या तिरंदाजांनी इंग्रजी फौजेला या शस्त्राचा चांगलाच हिसका दाखवला. ११८२ मध्ये अ‍ॅबरगव्हेनीच्या किल्ल्यात त्यांचे बाण चार बोटं जाडीच्या ओकच्या दरवाजातून आरपार गेल्याचं गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे. ती धनुष्यं यूची नव्हती. ती रानटी एल्मची होती, ओबडधोबड, पण भयंकर ताकदीची. लांब धनुष्य दुसऱ्या लाकडांचंही होऊ शकतं. तरी हजारो वर्षं कारागीर पुन्हा पुन्हा यूकडेच वळले, याचं कारण त्या झाडाच्या बुंध्यात आहे.

धनुष्य ओढलं की निशाणाकडे असलेली त्याची पाठ ताणली जाते आणि तिरंदाजाकडे असलेलं पोट दाबलं जातं. हे दोन्ही एकाच वेळी सोसणारं लाकूड मिळणं कठीण. मध्य आशियातल्या कारागिरांनी त्यावर तोड काढली होती. लाकडाच्या पोटाला शिंग आणि पाठीला जनावराचे स्नायुबंध सरसाने चिकटवायचे. मोगल काळात आपल्याकडे वापरली जाणारी कमान याच घराण्यातली. सातपुड्यातला भिल्ल आपला तिरकमठा बांबूचा करतो, कारण बांबूची बाहेरची साल ताण झेलते. यूमध्ये ही जोडणी झाडानेच करून ठेवलेली असते. सालीखालचं पांढुरकं कोवळं लाकूड ताण सहन करतं, आतला तांबूस गाभा दाब सहन करतो. दोघांमध्ये सरस नाही, सांधा नाही, त्यामुळे पावसाने सुटायचाही प्रश्न नाही. माझ्या मते या शस्त्राचा खरा मूळपुरुष हे झाडच आहे.

कारागिराचं काम हे दोन थर न बिघडवता त्यांना बाहेर काढण्याचं. ओंडका हिवाळ्यात, रस उतरलेला असताना तोडतात. फोडताना करवतीपेक्षा पाचर बरी. करवत रेषेची पर्वा न करता सरळ कापत जाते, पाचरीने लाकूड आपल्या रेषेने फुटतं. मग टोकांना मेण किंवा रंग लावून दांडे सावलीत वर्ष-दोन वर्षं सुकवायचे. दांडा सुकला की साल काढून पाठीचं पांढरं लाकूड काही मिलिमीटरवर आणतात. ते करताना एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत शाबूत ठेवायचं. दोन हातांनी ओढायच्या सुऱ्याने ते सोलताना वलय जिथे खाली वर होईल तिथे हातही खाली वर व्हावा लागतो. वाटेत गाठ आली तर ती सपाट करत नाहीत. तिच्याभोवती लाकडाचा उंचवटा राखतात, नाहीतर धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. त्यामुळे चांगलं यूचं धनुष्य गुळगुळीत नसतं. त्याच्या अंगावरचे उंचवटे पाहिले की कारागीर कुठे कुठे थांबला ते समजतं.

आणि मग सगळ्यात नाजूक टप्पा. धनुष्य खांबावर आडवं टेकवून दोरी थोडी थोडी खाली ओढायची, दूर उभं राहून बाक पाहायचा. जिथे धनुष्य ताठ राहतं तिथे पोटाकडून कानशीने चार हात मारायचे. जिथे जास्त वाकतं तिथे मात्र हात लावायचा नाही, बाकीचं लाकूड उतरवून त्या जागेशी मिळवून घ्यायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा पाहायचं. काढलेला कीस परत चिकटवता येत नाही, म्हणून घाई केलेलं धनुष्य अखेर हलकंच निघतं. यूचा हा कीस आणि धूळ विषारी असते. आजचे कारागीर तोंडाला मास्क बांधून काम करतात.

यात इंग्लंडने स्वतःचं काय घातलं? कायदा आणि माणसांचे खांदे. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा, चेंडूच्या खेळांत वेळ घालवू नये. लाकूड मात्र तिथलं पुरेसं चांगलं नव्हतं. चर्चच्या आवारातले यू धनुष्यासाठी लावले होते ही समजूत मला पटत नाही. सपाटीवर भराभर वाढलेल्या वाकड्यातिकड्या यूपेक्षा थंड डोंगरांत संथ वाढलेल्या, बारीक वलयांच्या यूला तेव्हाचे कारागीर जास्त मोल देत. म्हणून १४७२ मध्ये चौथ्या एडवर्डने आयात मालाच्या ठरावीक वजनामागे चार दांडे आणायची सक्ती केली. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या कायद्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना गोड दारूच्या प्रत्येक पिंपामागे दहा दांडे आणायला लावले. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगरांतून यू विरळ होत गेला, त्याला ही इंग्रजी मागणी मोठ्या प्रमाणात कारण आहे.

या धनुष्यांचा बोलका पुरावा समुद्राने सांभाळून ठेवला. आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी सोलेंटच्या खाडीत बुडालं. रॉजर अ‍ॅस्कमचं ‘टॉक्सोफिलस’, धनुर्विद्येवरचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक, प्रसिद्ध झालं तेही याच वर्षी. १९८२ मध्ये सांगाडा वर काढला गेला, आणि या जहाजातून १७२ धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले. धनुष्यं १.८७ ते २.११ मीटर लांबीची. टोकांवरची शिंगाची टोपणं समुद्रात जवळजवळ सगळी विरून गेली होती. पण शिंगाखाली झाकलेल्या लाकडाचा रंग वेगळा राहिला होता, त्यावरून ती होती हे समजलं. या धनुष्यांच्या अभ्यासात अभिनेते रॉबर्ट हार्डी यांचा सल्ला मोलाचा ठरला. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतले मंत्री कॉर्नेलियस फज ते हेच. ही धनुष्यं पूर्ण ओढायला ४५ ते ८४ किलोंचा जोर लागत असावा, असं गणित आणि प्रतिकृती सांगतात. जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक जुळलेलंच नाही. लहानपणापासूनच्या सरावाची ती खूण मानली जाते.

१५९५ मध्ये राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने धनुष्यांच्या जागी बंदुका घ्यायचं फर्मान काढलं. बंदूक चालवायला असे खांदे घडवावे लागत नव्हते.

झाडावर मात्र पुन्हा एकदा धाड आली. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत पॅसिफिक यूच्या सालीतलं टॅक्सॉल हे द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये कर्करोगावरचं औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. साल सोलली की झाड मरतं, त्यामुळे जंगलं धोक्यात आली. पुढे युरोपियन यूच्या, म्हणजे धनुष्याच्याच यूच्या, पानांतल्या द्रव्यापासून औषध बनवण्याची वाट फ्रान्समध्ये सापडली. पानं पुन्हा फुटतात.

इंग्लंडमधले आजचे धनुष्यकार सरळ, गाठी कमी असलेला दांडा हवा असला की बहुतेक वेळा इटलीच्या डोंगरांतला यू किंवा अमेरिकेतला पॅसिफिक यू मागवतात.