बाविसाव्या दिवशी काय?



मागच्या महिन्यात आमच्या गटांच्या बैठकीत एकवीस दिवसांच्या आव्हानाचा विषय निघाला. एकवीस दिवस प्लास्टिकचा पेला नाही, एकवीस दिवस सांडपाणी वाया घालवायचं नाही, एकवीस दिवस ताटात नागली. यादी वाचून होते न होते तोच मागून एक आजी म्हणाल्या, "आणि बाविसाव्या दिवशी काय?" सगळ्या हसलो, पण प्रश्न खरा होता. आपल्या गावांनी आजवर किती अभियानं पाहिली! फलक लागले, शपथा झाल्या, फोटो निघाले. त्यातलं काय टिकलं, काय विरलं, हे एकदा आठवून पाहावं म्हणून आजचं हे बोलणं.

थोड्या दिवसांचा नेम ही काही शहरातून आलेली नवलाई नाही. पहिल्या पावसात बांधावर, ओहोळाच्या काठाला तेऱ्याची पानं डोलायला लागतात. पण तेऱ्याचा सण झाल्याशिवाय जुनी माणसं ती भाजी तोंडात घालत नाहीत. सण येतो आषाढात. तोवर पानाला वाढायला, कंद धरायला अवसर मिळतो. कोणी कागदावर लिहिलं नाही, कोणी दंड लावला नाही, पण पोरीबाळींनाही माहीत असतं की अजून तेरा झाला नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव येतो. व्रत घेणारे माऊली पौर्णिमेपर्यंत ठरलेलं खातात, ठरल्या रीतीनं वागतात, रात्री पावरीच्या सुरावर नाचतात. यात आम्हाला तीन गोष्टी दिसतात. दिवस ठरलेले आहेत, संपायचा दिवस ठरलेला आहे आणि सगळा पाडा पाहतो आहे. आणखी एक चौथी गोष्ट म्हणजे दरवर्षी तोच नेम पुन्हा येतो. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. बाविसाव्या दिवशी नेम सुटला तरी पुढच्या वर्षी तो दारात उभाच असतो.

आता थोडं मागं जाऊ. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांची रीत अशी, की गावात शिरायचं, कोणाला काही न विचारता रस्ता झाडायला लागायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. आधी हात, मग तोंड. पुढच्या अभियानांत नेमकं याच्या उलट होताना आपण पाहिलं, भाषण आधी आणि झाडू फोटोपुरता. बाबांनी नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. ते एका गावात फार दिवस राहत नसत. म्हणजे त्यांचंही काम थोड्या दिवसांचंच होतं, एका दिवसाचं म्हणा ना.

त्यांच्याच नावानं २००० साली राज्य सरकारनं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्यातली युक्ती साधी होती. आधी पैसे द्यायचे नाहीत. गावानं स्वतःच्या श्रमानं गाव स्वच्छ करायचं, मग तपासणी, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढती स्पर्धा. तोवर सरकारी योजना म्हटलं की अनुदान किती, हाच पहिला प्रश्न असायचा. इथं गावं बक्षिसाच्या आशेनं का होईना, गटारी साफ करायला, उकिरडे हलवायला आणि भिंती रंगवायला उतरली. पुढं केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार आणला आणि त्यात महाराष्ट्रातली गावं बरीच वर्षं आघाडीवर राहिली. हे मोठं काम झालं आणि ते मान्य केलंच पाहिजे.

पण त्यातलं दुसरंही बोललं पाहिजे. तपासणीचं पथक येणार म्हणून गाव लख्ख होतं आणि पथक गेल्यावर आठवड्यात पूर्वीसारखं, असं कितीतरी ठिकाणी झालं. शौचालयं बांधली गेली, पण एप्रिल-मेमध्ये जिथं प्यायचा हंडा भरायलाही रांग लागते तिथं शौचालयात ओतायचं पाणी कुठून आणायचं? त्या खोल्यांत मग सरपण भरलं गेलं, कोंबड्या डालल्या गेल्या. आपल्यापैकी किती जणींनी हे पाहिलं आहे! आणि पुढं राज्यात 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली, पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठायचं, शिट्ट्या वाजवायच्या, कुठं गुलाबाचं फूल द्यायचं. आमचं स्पष्ट मत आहे, की लाज देऊन सवय लागत नाही. लाजेनं बाई आणखी अंधारात, आणखी लांब जाते. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घोषणा आणि वापर यांत किती अंतर राहिलं, ते ज्या पाड्यावर नळ नाही तिथल्या बायकांना विचारावं.

यानंतरची मोठी स्पर्धा पाण्याची. पानी फाउंडेशननं २०१६ मध्ये 'सत्यमेव जयते वॉटर कप' घेतला. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव, आणि ११६ गावं. पंचेचाळीस दिवसांत श्रमदानानं आणि यंत्रांनी जितकी जास्त पाणलोटाची कामं होतील तितके गुण. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. २०१७ मध्ये तालुके तीस झाले आणि पहिला नंबर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावानं काढला. २०१८ मध्ये तालुके पंच्याहत्तर. आपला सुरगाणा त्यात नव्हता आणि ते समजण्यासारखंही आहे, कारण आपल्याकडं पाऊस कमी नाही, बदाबदा पडतो. नार, पार आणि अंबिका आपल्या डोंगरांतून निघतात आणि पाणी गुजरातकडं घेऊन जातात. आपलं दुःख वेगळं, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात झिऱ्यात वाटी-वाटीनं पाणी.

वॉटर कपमधून शिकण्यासारखं आम्हाला जे वाटतं ते असं. स्पर्धा एप्रिल-मेमध्ये होती, शेत रिकामं असतं तेव्हा. गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण मिळालं, म्हणून चर कुठं खणायचा हे त्यांचं त्यांना कळत होतं. आणि मुख्य म्हणजे खणलेला चर पंचेचाळीस दिवसांनंतरही जागेवर राहतो. सवय मोडली तरी काम मोडत नाही. तरीसुद्धा पाणी अडवल्यावर ते वापरायचं कसं, हा प्रश्न उरलाच. जमिनीत मुरलेलं पाणी चार विंधनविहिरींनी ओढून घेतलं तर सगळ्यांचे घाम वाया. त्याच संस्थेनं २०२० पासून 'समृद्ध गाव स्पर्धा' घेतली, ती दीड महिन्यात संपणारी नव्हती. त्यात पाण्याच्या ताळेबंदाला, गवताला, जंगलाला, मातीला जागा होती. थोड्या दिवसांची स्पर्धा घेणाऱ्यांनाच पुढं लांब पल्ल्याकडं वळावं लागलं, हे लक्षात ठेवू या.

पाण्याच्या वापराला आवर घालण्याचं काम नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं केलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान असे नियम गावानं ग्रामसभेत स्वतःला लावून घेतले आणि जपलेही. त्यावर फार बोलत नाही, ते सगळ्यांनी ऐकलं आहे.

बोलायचं आहे ते बारीपाड्याबद्दल, कारण ते आपल्यासारखं आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे कोकणा समाजाचं गाव. जंगल उजाड झालं होतं, पाणी आटलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखायला सुरुवात केली. तोडीला दंड, राखणदारीची पाळी, पाणी अडवणं. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल पुन्हा उभं राहिलं. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पण आम्हाला त्याहून जास्त मोलाची वाटते ती २००४ मध्ये तिथं सुरू झालेली वनभाज्यांची स्पर्धा. पावसाळ्यात बाया रानातल्या भाज्या आणतात, रांधतात, मांडतात, नाव सांगतात, गुण सांगतात. एका दिवसाचा कार्यक्रम! पण त्या एका दिवसासाठी भाजी ओळखावी लागते, ती कुठं उगवते हे लेकीला दाखवावं लागतं आणि ती उगवायला जंगल शिल्लक असावं लागतं. म्हणजे एक दिवस बाकीच्या दिवसांना राबवून घेतो. आणि त्या दिवशी मान कोणाचा? सासूचा, आजीचा, जिला एरवी कोणी अडाणी म्हणतं तिचा.

आता या एकवीस आकड्याचीही गंमत ऐका. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडं सांगतात. याचं मूळ बहुधा अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या डॉक्टरांकडं जातं. ते चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करत. १९६० च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रोग्याला निदान एकवीस दिवस तरी लागतात. त्यातला 'निदान' गळून पडला आणि एकवीस उरले. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर प्रत्यक्ष पाहिलं. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ इतकेही निघाले. शिवाय एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली असंही दिसलं नाही. म्हणून गटातल्या कोणीचा एक दिवस राहिला तर तिच्या नावापुढं फुली मारून तिला कोपऱ्यात बसवू नका.

सरकारची ताजी पावलंही याच वाटेवर आहेत. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, पृथ्वी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर. केंद्राचं 'मिशन लाइफ' २० ऑक्टोबर २०२२ ला इथून फार लांब नसलेल्या केवडियाला सुरू झालं, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनिओ गुटेरस हजर होते. त्यात रोजच्या पंच्याहत्तर सवयींची यादी आहे. लिफ्टऐवजी जिना वापरा, लाल दिव्याला गाडी बंद करा, वातानुकूलन यंत्र चोवीस अंशांवर ठेवा. आमच्या पाड्यावर लिफ्ट नाही, लाल दिवा नाही आणि वीज असली तर पंखा. त्याच यादीत भरडधान्य खा असंही आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं खाऊन वाढलेल्या आपण हे ऐकून गालात हसलो असू. पण उगाच फुशारकीही नको. आपण कमी जाळतो, कमी फेकतो, त्यातलं बरंच काही गरिबीमुळं आहे, निवडीमुळं नाही. चूल धूर करते म्हणून २०१६ मध्ये उज्ज्वला गॅस आला, सिलिंडर परत भरायला पैसे नसले की तो कोपऱ्यात बसतो आणि आपण पुन्हा सरपणाला.

म्हणून यादी करताना आमच्या गटांनी एक चाळणी लावली आहे. ज्या सवयीनं बाईची एक खेप वाढते ती यादीत नाही. 'भांडी घासलेलं पाणी साठवून परसात नेऊन ओता' हे ऐकायला छान, पण नेणार कोण? त्यापेक्षा मोरीपासून पपईच्या, केळीच्या आळ्यापर्यंत एकदाच चारी काढायची, पाणी आपसूक जाईल. ओलं लाकूड जाळायचं नाही, आठवडाभराचं आधी वाळवून ठेवायचं, भांड्यावर झाकण ठेवायचं, यात सरपण वाचतं आणि डोळेही. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-पेल्यांना बंदी आहे, तरी लग्नात ते ढिगानं दिसतात. तिथं पळसाच्या पत्रावळी आणि गटाच्या मालकीची भांडी. भांडी घासायची पाळी पुरुषांचीही, हे आधी ठरवून मगच भांडी घ्यायची.

दिवस कुठले, यावर बराच वाद झाला. २ ऑक्टोबरला भात पिकत आलेला असतो. दिवाळीनंतर अर्ध्या घरांना कुलूप लागतं, माणसं दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या कामाला जातात. ज्या कुटुंबाचा संसार चार महिने बागेच्या कडेला पालात असतो त्याला चारीचं काय सांगायचं? शेवटी पोळ्यानंतरचे एकवीस दिवस धरले, आवण संपलेली असते आणि माणसं घरी असतात. दरवर्षी तेव्हाच करायचं.

आणि लग्नातल्या पत्रावळीचा नियम केवळ गटाच्या वहीत ठेवून चालणार नाही. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायदा १९९६ चा, त्याचे राज्यातले नियम २०१४ चे. पाड्याला आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बऱ्याचदा कागदावरच होते, सही करायला तेवढं घरी येतात. या वेळी सही करण्याआधी सभा कुठं आणि किती वाजता, हे विचारा. तिथं पहिला विषय पत्रावळीचा आणि भांड्यांचा मांडायचा आहे, दुसरा उन्हाळ्यातल्या झिऱ्यांचा. दोन्ही विषय लिहून नेऊ आणि पोच घेऊ.