चेटकिणीची पाठ वाकलेली का असते?

मध्यंतरी एक आजी नातवाला घेऊन तपासायला आल्या. पाठीला बाक, कवळी घरी विसरलेली. "हा मला चेटकीण म्हणतो," म्हणून हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

नातवाचा तरी काय दोष? त्याने पाहिलेली चेटकीण अशीच असते. 1937 च्या डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'मध्ये सुंदर, दुष्ट राणी वेश बदलण्यासाठी एक काढा पिते. डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर काढ्याने ती फक्त म्हातारी होते. केस पांढरे, तोंडात एकच दात, नाकावर चामखीळ, पाठीला कुबड. दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, चेहरा खालून आखूड होतो आणि हनुवटी नाकाकडे सरकते. वयाबरोबर नाकाचं टोकही झुकतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, मग हनुवटीवर राठ केस येऊ शकतात. ही सगळी म्हातारपणाची लक्षणं आहेत, दुष्टपणाची नाहीत. डिस्नेच्याही कितीतरी आधी, 1500 च्या सुमारास, जर्मन चित्रकार ड्यूररने बोकडावर उलटी बसलेली चेटकीण कोरली, तीही म्हातारीच.

1939 च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'ने दुष्ट चेटकिणीला हिरवा रंग दिला आणि शेजारी एक चांगली चेटकीणही उभी केली, गुलाबी झग्यातली, नितळ चेहऱ्याची. गंमत म्हणजे ही चांगली चेटकीण झालेल्या बिली बर्क तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि दुष्ट चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन जेमतेम छत्तिशीच्या!

पुढे चेटकीण सुधारत गेली. 1964 च्या 'बिविच्ड' मालिकेत ती संसार करणारी सामंथा झाली, 'हॅरी पॉटर'मध्ये हुशार हर्मायनी. 'विकेड'मध्ये तर ती हिरवी चेटकीणच नायिका आहे. पण या सगळ्या तरुण. मॅकगोनागल बाई वयस्कर आहेत खऱ्या, पण त्यांचा कणा ताठ! आपल्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची मुलांची लाडकी आहे, पण तिलाही कोणी आजी म्हणत नाही.

आजींच्या एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसले. त्या कधी पडल्या नव्हत्या. हाडं ठिसूळ झाली की मणके असे न पडताही दबतात, आणि घरचे "वयाने वाकली" म्हणून सोडून देतात. तुमच्या घरात कुणाची उंची कमी झाली असेल किंवा पाठ वाकू लागली असेल, तर हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या. दबलेला मणका पूर्ववत होत नाही, पण पुढचे वाचवता येतात.

नातवाला मी एक्स-रे दाखवला. त्याने मणके मोजले, दोनदा. मग आजीची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.