जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक लागत नाही? पाना घेण्याआधी तेल कुठून येते ते बघा

धानोरा : चिखलणी आटोपली, रोवणी झाली की ट्रॅक्टर काही दिवस उभाच राहतो. मग धान निघाले की तो एकदम ट्रॉलीला जुंपला जातो. ब्रेक ढिला झाल्याचे कळते ते तेव्हा, पोती भरलेली ट्रॉली मागून ढकलत असताना. मुरुमगाव, पेंढरी, रांगी, चातगावकडच्या जंगलातल्या वळणांवर हे कळायला फार उशीर झालेला असतो.

आपल्या ट्रॅक्टरला कोणता ब्रेक आहे, हे आधी माहीत पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक कोरडा डिस्क ब्रेक असतो. त्यात लायनिंग लावलेल्या चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांचा संच असतो. पायडल दाबले की गोळ्या उतरत्या खाचेतून वर चढतात, दोन्ही प्लेटा फाकतात आणि चकत्या हाउसिंगवर दाबल्या जातात. काही जुन्या मॉडेलला ड्रम आणि शू असतात. नव्या ट्रॅक्टरला तेलात बुडालेला ब्रेक असतो. त्याचे गणित वेगळे, तिथे तेलाची पातळी आणि कंपनीने सांगितलेलेच तेल महत्त्वाचे. पुढची माहिती मुख्यतः कोरड्या ब्रेकची आहे.

पायडल काय सांगते?

पायडल खूप खाली जाऊन मग ब्रेक लागत असेल तर लायनिंग झिजले आहे किंवा रॉड ढिला आहे. पायडल कडक लागते, पण ट्रॅक्टर थांबत नाही, असे असेल तर लायनिंगवर तेल आले आहे किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. घासल्याचा कर्कश आवाज आला तर लायनिंग संपून रिवेट लोखंडावर घासत आहेत. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर अनेकजण ओढणाऱ्या बाजूचा ब्रेक ढिला करतात. हा उलटा उपाय आहे. ज्या बाजूला ओढतो ती बाजू बहुधा ठीक असते, कमजोर असते ती दुसरी.

तेलाचा प्रकार सगळ्यात फसवा. डिफरेन्शियलचे तेल ऑइल सीलमधून ब्रेकमध्ये झिरपते. मग लायनिंग पेट्रोलने धुवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. तेल लायनिंगच्या आत मुरलेले असते, ब्रेक तापला की ते बाहेर येते. अशी चकती बदललेलीच बरी. पण नुसती चकती बदलूनही भागत नाही. सील बदलावे लागते, आणि सील का गेले तेही बघावे लागते. गिअर ऑइल खुणेच्या वर भरले होते का? हवा निघायचे ब्रीदर चिखलाने बुजले आहे का? ते बुजले की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. शाफ्टचे बेअरिंग ढिले असेल तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही.

बांधीतले पाणी हे दुसरे कारण. चिखलणीत पाणी आणि गाळ हाउसिंगमध्ये शिरतो, गोळ्यांना गंज चढतो, खाचा खरबरीत होतात, मग ब्रेक अडकतो नाहीतर उशिरा सुटतो. बांधीतून निघाल्यावर मोकळ्या जागी हळू चालवत ब्रेक थोडा थोडा दाबला की तो सुकतो. तरी ब्रेक अडकत असेल तर खोलून गोळ्या, खाचा आणि स्प्रिंग तपासावेत. ग्रीस थापू नये, ते शेवटी लायनिंगवरच जाते. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. फुफ्फुसाला ती घातक असते.

ब्रेक बसवायचा कसा?

ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर, ट्रॉली सोडून, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. मागचे एक चाक जॅकने उचलावे आणि एक्सलखाली मजबूत टेकू द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. ब्रेक रॉडचा चेक नट ढिला करून, हाताने चाक फिरवत, अ‍ॅडजस्टिंग नट आवळत जावा. चाक घासायला लागले की नट थोडा मागे घ्यावा, चाक मोकळे फिरले पाहिजे. चेक नट आवळून दुसरी बाजू तशीच करावी. पायडलची मोकळी चाल मॉडेलनुसार वेगळी असते, पुस्तिकेत मिळेल. दोन्ही बाजूंची चाल मात्र सारखीच हवी. फार आवळला तर ब्रेक सतत घासतो, तापतो आणि नवे लायनिंगही जळते. नट शेवटपर्यंत आवळूनही चाल कमी होत नसेल तर लायनिंग संपले, ट्रॅक्टर मिस्त्रीकडे न्यावा.

मग दोन्ही पायडल कडीने जोडून, मोकळ्या मैदानात हळू वेगात ब्रेक मारावा. मातीवर दोन्ही टायरच्या खुणा सारख्या उमटल्या पाहिजेत.

ही कडी शेतात वळण घेताना काढतात आणि रस्त्यावर लावायची राहून जाते. वेगात एकच पायडल दबले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो, उलटतोही. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडली की इंजिनचा आधार जातो. डिझेल वाचवायला हे सर्रास चालते, वाचते ते थोडेसेच. आणि मार्कंड्याची जत्रा असो की लग्नाचे वऱ्हाड, ट्रॉलीत माणसे बसवूच नयेत. धान्याच्या पोत्यांसाठी केलेल्या त्या डब्यात माणसाला धरायलाही काही नसते.