परतीचे घर : आधी वास्तव्य, मग खरेदी

परदेशातून कायमचे परतण्याचा निर्णय झाला, की पहिला प्रश्न घराचा येतो आणि अनेक कुटुंबांत त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. वडील ज्या पेठेत वाढले, आजोळ ज्या गल्लीत होते, सुट्टीत जिथे मुक्काम व्हायचा, त्याच परिसरात घर घ्यायचे. पुढील भेटीत दोन-तीन आठवडे काढायचे, नातलगांनी हेरून ठेवलेले फ्लॅट पाहायचे, इसार द्यायचा आणि विमान पकडायचे. पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत असे व्यवहार नेहमीचे आहेत. मात्र सुट्टीतले शहर आणि नांदायचे शहर ही दोन निराळी असतात, हे पहिल्या पावसाळ्यात कळते. तोवर आयुष्यभराची बचत त्या चार भिंतींत अडकलेली असते.

या घरशोधात भावनेचा वाटा मोठा असतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु कायदा आडनाव किंवा जन्मगाव विचारत नाही. तो पारपत्र विचारतो. म्हणून आरंभ तेथूनच करणे बरे.

पारपत्र कोणते?

भारतीय पारपत्र कायम ठेवून परदेशात राहिलेली व्यक्ती ही अनिवासी भारतीय. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर भारताचे नागरिकत्व संपते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. अशांसाठी, तसेच परदेशात जन्मलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांसाठी नागरिकत्व कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती करून 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणजे 'ओसीआय'ची तरतूद करण्यात आली. जुने 'पीआयओ कार्ड' २०१५ मध्ये यातच विलीन झाले. नावात 'सिटिझन' असले तरी हे नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यात नाही आणि शेतजमीन विकत घेण्याचाही नाही.

राहते घर किंवा दुकान-कार्यालयाची जागा अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक दोघांनाही रिझर्व्ह बँकेच्या स्वतंत्र परवानगीविना घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे-बागायती मात्र त्यांना खरेदी करता येत नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनेही ओसीआयधारकांच्या बाबतीत हीच मर्यादा कायम ठेवली आहे. भारतीय नागरिक परत येऊन येथे निवासी झाला, तर परकी चलन कायद्याची ही अट त्याला उरत नाही. पण महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याची भिंत पुढे उभीच असते. येथे शेतजमीन घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण मुळशी, भोर, पानशेत किंवा कर्जतच्या रस्त्यांवरील फलकांत आहे. 'निसर्गाच्या कुशीत' एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात आणि 'सामायिक सातबाऱ्यावर नाव लावून देऊ' असे सांगितले जाते. परदेशातील गजबजाटाला विटलेल्या माणसाला हे चित्र मोहात पाडते. जमीन बिगरशेती झाली आहे का, त्याचा आदेश कुठे आहे, रेखांकन मंजूर आहे का, या तीन प्रश्नांची कागदावर उत्तरे मिळत नसतील तर तिथून गाडी वळवावी.

वर्षभर भाड्याने

पंधरा-वीस वर्षे स्वतःच्या घरात राहिलेल्या कुटुंबाला भाड्याची कल्पना कमीपणाची वाटते. 'भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे' हे वाक्य तर घरातील एखादे वडीलधारे म्हणतातच. वास्तविक वर्षभराच्या भाड्याची रक्कम चुकीच्या खरेदीत जाणाऱ्या मुद्रांक शुल्काहूनही कमी भरू शकते. पुण्यात मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून सात टक्के, तर मुंबईत सहा टक्के होतात. घर एकट्या स्त्रीच्या किंवा केवळ स्त्रियांच्या नावे असल्यास एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क निराळे. दीड कोटीच्या सदनिकेवर पुण्यात साडेदहा लाख रुपये शुल्क बसते आणि घर आवडले नाही म्हणून ते परत मिळत नाही.

महाराष्ट्रात भाड्याचा व्यवहार 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा लागतो. भारतीय पारपत्र असणाऱ्या अनिवासीला परतल्याबरोबर आधारसाठी अर्ज करता येतो. ओसीआयधारकाला मात्र आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य झालेले असावे लागते. म्हणजे पहिल्या भाडेकराराच्या वेळी आधार हाती नसण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करण्याची तयारी ठेवावी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचा मुद्दाही मालकाशी आधीच बोलून घ्यावा.

हे वर्ष कशासाठी? मुलांची शाळा नक्की होण्यासाठी, नोकरीचे ठिकाण आणि घर यांतले अंतर सकाळी साडेनऊला किती भरते ते पाहण्यासाठी, आई-वडिलांना जिना झेपतो का ते कळण्यासाठी. आणि तोच परिसर मे महिन्यात, जुलैत व गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत अनुभवण्यासाठी. डिसेंबरात पुणे कोणालाही आवडते.

पाणी आणि पूररेषा

पुण्यात फ्लॅट पाहताना प्रत्येक जण दिशा, गॅलरी आणि पार्किंग विचारतो. पाणी महापालिकेचे येते की टँकरचे, हे फार थोडे विचारतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. वाघोली, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, बावधन बुद्रुक ही त्यांतली. इमारती आधी आल्या, जलवाहिन्या मागाहून येत राहिल्या. अशा भागात सोसायटीचा मागील उन्हाळ्याचा टँकरखर्च किती होता, हे पदाधिकाऱ्यांना विचारावे, विक्रेत्याला नव्हे. देखभाल शुल्काच्या पावतीत तो आकडा लपलेला असतो.

दुसरी बाब पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने सहकारनगर परिसरात हाहाकार माजवला. जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरे बुडाली. नदीकाठासाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात; निळी सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहता येते. ओढे-नाले मात्र नकाशापेक्षा शेजारच्या किराणा दुकानदाराला अधिक नीट ठाऊक असतात. त्याच्याशी दहा मिनिटे बोलण्यात काही जात नाही.

मेट्रोने अंतरांचे गणित थोडे बदलले आहे. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांलगत राहणाऱ्या ज्येष्ठांना गाडीविना शहरात फिरता येते. परदेशात प्रत्येक कामासाठी गाडी काढावी लागलेल्यांना ही सोय महत्त्वाची वाटावी.

जुने की नवे?

नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याला २०१७ पासून 'रेरा'चे संरक्षण आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला 'महारेरा' नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला, की मंजूर नकाशे, पूर्ततेची तारीख, दावे हे सारे परदेशात बसूनही वाचता येते. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ 'कार्पेट'चेच धरावे; पुनर्विक्रीच्या जाहिरातींत अजूनही 'सुपर बिल्ट-अप'चा आकडा मिरवतो आणि प्रत्यक्षात दिवाणखाना आक्रसतो. ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ते नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात हे खरे, पण पाण्याची जोडणी, कर्ज आणि पुढची विक्री या तिन्ही ठिकाणी ते आडवे येते.

आठवणींतले घर मात्र बहुधा जुन्या इमारतीत असते. प्रभात रस्ता, कर्वेनगर, विलेपार्ले, नौपाडा येथील सत्तर-ऐंशीच्या दशकांतील तीन-चार मजली इमारतींत मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, ओळखीचे शेजार मिळतात. अनेक ठिकाणी लिफ्ट नसते. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हा येथे कळीचा प्रश्न. ते झाले नसेल तर जमीन कागदोपत्री मूळ मालकाची किंवा विकासकाचीच राहते. २००८ च्या दुरुस्तीनंतर 'मानीव अभिहस्तांतरणा'चा मार्ग खुला आहे. तो सोसायटीने अवलंबला आहे का, हे विचारावे. आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. तिचा अहवाल मागावा.

त्यातच पुनर्विकासाची चर्चा असते. २०१९ च्या शासन निर्णयानुसार सर्वसाधारण सभेत ५१ टक्के सभासदांच्या मान्यतेने पुनर्विकासाचा ठराव होऊ शकतो. मोठे घर मिळेल या आशेने कोणी खरेदी करतो आणि सहा महिन्यांत पुन्हा भाड्याच्या घरात सामान हलवतो. मुलांची दहावी-बारावी असेल तर हा हिशेब आधीच मांडावा. सभासदत्व हस्तांतरित करताना सोसायटीला महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार रुपये अधिमूल्य घेता येते. 'ऐच्छिक देणगी' म्हणून त्याहून मोठा आकडा सांगितला जातो, तेव्हा परदेशातून आलेला माणूस भिडेपोटी देऊन टाकतो. देण्याची सक्ती नाही.

मुंबईत आणखी एक प्रकार आहे पागडीचा. गिरगाव-दादरच्या चाळीतील आजोबांची खोली 'आपलीच' आहे, असे कुटुंबात सारे मानतात. ती भाडेहक्काची असते, मालकीची नव्हे. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क प्रथम जातो. जो तेव्हा ह्यूस्टन किंवा दुबईत होता, त्याने केवळ वारस म्हणून दावा सांगण्यापूर्वी वकिलाला गाठावे.

गावचे घर

कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित घर असेल तर ते दुरुस्त करून राहावे, असा विचार हल्ली बळावतो आहे. वारसाहक्काने शेतजमीन आणि घर मिळण्यास ओसीआयधारकालाही आडकाठी नाही. अडचण निराळीच असते. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव, त्यानंतर तीन पिढ्यांत वारसनोंद नाही आणि हिस्सेदार मुंबई, बडोदा, टोरंटो असे पांगलेले. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांइतकाच हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा आत्या आणि बहिणींच्या संमतीवाचून केलेली वाटणी टिकत नाही. गावठाणातील घर सातबाऱ्यावर नसते. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका पाहावी लागते.

सामाईक घराच्या छपरावर स्वतःचे पंधरा लाख घालण्यापूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र करून घ्यावे. चुलतभावाकडे हा विषय काढणे अवघड जाते, हे मान्य. छप्पर घातल्यावर तो काढणे त्याहून अवघड.

पैसा आणि मुखत्यारपत्र

अनिवासी असताना घर घेतले तर पैसे परदेशातून बँकेमार्फत किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातूनच द्यावे लागतात. परकी नोटा चालत नाहीत. प्रत्येक हप्त्याची बँकेची नोंद जपून ठेवावी; उद्या घर विकून रक्कम परदेशी न्यायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. कायमचे परतल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. परकी चलन तसेच ठेवायचे तर आरएफसी खात्याची सोय आहे. प्राप्तिकर खाते वास्तव्याचे दिवस मोजते, परकी चलन कायदा येण्यामागचा हेतूही पाहतो. त्यामुळे एकाच माणसाची दोन कायद्यांतील स्थिती एकाच वेळी वेगळी असू शकते. सनदी लेखापालाचा सल्ला विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच घेणे श्रेयस्कर.

विक्रेता स्वतः अनिवासी असेल तर सावध राहावे. निवासी विक्रेत्याकडून पन्नास लाख वा अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदार एक टक्का कर कापतो. विक्रेता अनिवासी असल्यास कपात बरीच अधिक असते आणि ती न केल्यास प्राप्तिकर खाते खरेदीदाराला धरते. परदेशस्थ मराठी कुटुंबे एकमेकांची घरे घेतात, तेव्हा हा मुद्दा हमखास निसटतो.

प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर भावाच्या किंवा मित्राच्या नावे मुखत्यारपत्र दिले जाते. ते सर्वाधिकारी नसावे. एकाच सदनिकेपुरते, ठरावीक मुदतीचे आणि कोणकोणती कामे करायची ते लिहिलेले असावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करावे लागते किंवा त्या देशाच्या 'अपोस्टिल'सह आणावे लागते. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. खरेदीखत नोंदल्यावरही कामे उरतात : सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मिळकतकराच्या नोंदीत नावाचा बदल, वीजजोडणीचे हस्तांतर. मिळकतकराचे देयक आधीच्या मालकाच्या नावेच येत राहिले, तर थकबाकी समोर येईपर्यंत नव्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.